डोळे मिटले तरी काहीच दिसत नाही, मग मला कसं जमणार?

हा प्रश्न मला सारखा येतो. गाईडेड इमेजरी म्हणजे मनातल्या मनात एखाद्या निवांत जागी जाऊन बसायचं, तिथले आवाज, वास, स्पर्श आठवायचे आणि त्याबरोबर श्वास संथ, अंग सैल होऊ द्यायचं. लोक एकदोनदा करून बघतात, डोळ्यापुढं नुसता अंधार, मग "आपल्याला नाय जमायचं" म्हणून सोडून देतात. म्हणून एका काकूंचं सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता.

सांगलीत नदीजवळ राहतात, चार घरची धुणीभांडी करतात. रात्री दोनला जाग यायची, छातीत धडधड, ईसीजी मात्र नॉर्मल, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं. पहिल्याच सेशनला मी माझी नेहमीची स्क्रिप्ट सुरू केली, संथ नदी, काठावरची हिरवळ, पाण्याचा आवाज. दोन मिनिटांत काकूंच्या मुठी आवळल्या. "मॅडम, दिसत तर काय न्हाई, पर पाण्याचं नाव काढू नका." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५, आणि त्या महापुरात त्यांचं घर बुडालं होतं. सांगलीत बसून मी हे आधी विचारलं नाही ही माझीच चूक, मी त्यांची माफी मागितली. ॲपवरचा समुद्र आणि पाइनचं जंगल ज्यानं लिहिलं त्याला निवांत वाटत असेल हो, पण ऐकणाऱ्याला विचारायला नको का?

मग विचारलं, "काकू, तुम्हाला कुठं बरं वाटायचं?" लगेच म्हणाल्या, "म्हायेरी, लिंबाखाली." माहेर जतकडचं, दुष्काळी भाग. "दिसतंय का" हा प्रश्नच मी टाकून दिला. बाजेचा काथ्या पाठीला कसा टोचायचा, शेळीच्या गळ्यातली घंटी, चैत्रात लिंबाच्या मोहराचा वास, एवढंच विचारत गेले, तेही डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून. पाचेक मिनिटांत खांदे खाली आले.

काहींना मनात चित्र उमटतच नाही, आणि तो आजार नाही. १८८० मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं लोकांना सकाळच्या नाश्त्याचं टेबल आठवायला सांगितलं होतं तेव्हाही काहींनी सांगितलं की आम्हाला चित्र असं दिसतच नाही. २०१५ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी याला ॲफँटेझिया हे नाव दिलं. अशा वेळी चित्राच्या मागं लागूच नका, वास, आवाज, स्पर्श यातलं जे येईल ते धरा.

आता राहिला घरचा प्रश्न. एक खोली, पाच माणसं, टीव्ही चालू, काकूंकडे साधा बटणांचा फोन. मी त्यांच्याच बोलीत सात मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं, मेमरी कार्डात टाकून दिलं. शांत खोली मिळायची वाटच बघितली नाही, त्या पहाटे चुलीपुढं बसून ऐकतात. सेशनही दर आठवड्याला नाही, महिन्यातून एकदा, कारण एक खाडा म्हणजे पगार कापला.

एक मात्र कळकळीनं सांगते. ज्यांना कानात आवाज येतात, भास होतात किंवा जुनी घटना पुन्हा पुन्हा अंगावर येते त्यांनी हे रेकॉर्डिंग लावून एकट्यानं करू नये, आधी डॉक्टरांशी बोला. जवळ कुणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

काकूंची झोप आता बऱ्याच रात्री सलग होते. जुलैत आयर्विनची पातळी वाढायला लागली की मात्र पुन्हा दोनला जाग येते, तेव्हा लिंबही पुरत नाही. त्या पुराबद्दल बोलायला आम्ही आत्ता कुठं सुरुवात केलीय, हळूहळू, त्या म्हणतील तेवढंच.