दाणा जड झाला म्हणजे बिघडला का?

प्रश्न: ताई नमस्कार, माझं भोसरीला छोटं युनिट आहे, पॅकिंग फिल्मच्या स्क्रॅपपासून रिप्रो दाणा, म्हणजे परत वितळवून केलेला प्लास्टिकचा दाणा, करतो. फिल्ममधे ७५ टक्के पॉलिथिन, बाकी नायलॉन ६. हा दाणा साच्यात घालून वस्तू करणाऱ्या मोल्डरची तक्रार होती की गेटजवळ, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या तोंडाजवळ, पापुद्रे सुटतात, चहाच्या सुट्टीनंतरचे पहिले शॉट (साच्यात एका वेळी भरलेला माल) तर हमखास वाया. म्हणून दोन प्लास्टिक जुळवून घेणारं कंपॅटिबिलायझर ५ टक्के टाकलं, मॅलिक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिन. पापुद्रे थांबले, पण एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचा आकडा) २.४ वरून १.१ वर आला. आता तो म्हणतो माल जड आहे, नीट वाहत नाही, परत न्या. त्याच्या मशीनच्या बॅरलचं, माल वितळतो त्या नळीचं, टेम्परेचर वाढवायला सांगू का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर: दादा, टेम्परेचर वाढवायला सांगू नका, आणि तुमचा दाणा बिघडलेला नाही. तुम्ही टाकलेलं औषध लागू पडलंय त्याचीच ही खूण आहे.

पॉलिथिन आणि नायलॉन वितळले तरी एकमेकांत विरघळत नाहीत, नायलॉन थेंबाथेंबाने पॉलिथिनमधे पसरलेलं असतं. स्क्रू फिरतो तेव्हा थेंब ओढला जातो, लांबतो, त्याची तार होते आणि ती तुटून बारीक थेंब होतात, आणि त्याच वेळी दुसरीकडे बारीक थेंब एकमेकांना भेटून परत मोठे होत असतात. केंब्रिजच्या जी. आय. टेलरने १९३४ साली घट्ट पाकात तेलाचा थेंब सोडून, भोवती चार रूळ फिरवून हेच बघितलं होतं, की प्रवाह थेंबाला ओढतो आणि पृष्ठताण त्याला गोल ठेवायला बघतो, ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. अजून एक, थेंबातला माल बाहेरच्यापेक्षा साधारण चौपट घट्ट असेल तर नुसत्या घासण्याने थेंब फुटतच नाही, त्याला ताण द्यावा लागतो, म्हणून स्क्रूवर चांगला मिक्सिंग सेक्शन हवाच.

आता चहाची सुट्टी. मशीन थांबलं की थेंब फोडणारं कोणी नाही, पण एकत्र येणं चालूच राहतं. मग पहिल्या शॉटला ते मोठे थेंब गेटच्या चिंचोळ्या वाटेत चपटे होऊन थर होतात आणि थरांना धरून ठेवणारं मधे काहीच नसतं, केळीच्या सोपटासारखे सुटतात. कंपॅटिबिलायझरचं अ‍ॅनहायड्राइड तुमच्या एक्सट्रूडरमधेच, दाणा करायच्या स्क्रूच्या मशीनमधे, नायलॉनच्या साखळीच्या टोकाला असलेल्या अमाइन गटाला चिकटतं, म्हणजे एक पाय नायलॉनमधे, एक पॉलिथिनमधे असा रेणू थेंबाच्या सीमेवरच तयार होतो. पृष्ठताण कमी होतो हे सगळे सांगतात, पण मला विचाराल तर त्याचं मोठं काम थेंबांना परत एकत्र येऊ न देणं हेच आहे, आणि तुमच्याकडे पापुद्रे थांबले ते त्यामुळेच.

मग जड का झालं? आधी दोन प्लास्टिक सीमेवर एकमेकांवरून घसरत होती, त्यामुळे माल पातळ वाटत होता, आता ती बांधली गेली. शिवाय जोडलेले रेणू मोठे झाले, थेंब बारीक झाले. तुमचा आधीचा २.४ हा आकडा म्हणजे चांगुलपणा नव्हता हो, त्यात ते घसरणंही होतं.

आणि एक गोष्ट नक्की तपासा, एमएफआय कुठल्या टेम्परेचरला काढला? पॉलिथिनच्या सवयीने १९० ला काढला असेल तर नायलॉन ६ वितळतंच २२० च्या आसपास, म्हणजे तुम्ही न वितळलेले मणी घातलेलं पॉलिथिन मोजलंत. औषधाचा आणि बिनऔषधाचा, दोन्ही दाणे २३५ ला, एकाच वजनाने मोजा, आणि आधी ८० डिग्रीला काही तास नीट वाळवून, कारण नायलॉन पाणी पितं आणि ओल्या मालाची साखळी गरम होताना तुटून आकडा फसवा वाढतो. शिवाय एमएफआय मशीनमधे माल अगदी हळू सरकतो, मोल्डिंगला त्याच्या शेकडो पट वेगाने, तिथे दोघांतला फरक बराच कमी होतो, म्हणून मोल्डरला आकडा नको, शॉट घेऊन दाखवा.

तरी ५ टक्के जास्तच वाटतंय मला. अशा बऱ्याच फिल्ममधे नायलॉन आणि पॉलिथिन चिकटवायला मधे जो थर, टाय लेयर, असतो तो मुळात अशाच अ‍ॅनहायड्राइड जोडलेल्या पॉलिथिनचा असतो, म्हणजे थोडं औषध तुमच्या स्क्रॅपमधे आधीच आहे. सीमा भरली की वरचं कंपॅटिबिलायझर नुसतं पडून राहतं आणि फुकट खर्च. लॅबमधे गोठवून मोडलेला तुकडा फॉर्मिक अ‍ॅसिडने धुऊन बघितला की नायलॉन विरघळून भोकं उरतात, औषधाशिवाय घावनाच्या जाळीसारखी मोठमोठी, औषध टाकलं की जेमतेम दिसतील इतकी बारीक. पण त्यासाठी थांबायची गरज नाही. १, २, ३ टक्क्यांचे दाणे करा, प्रत्येकाला बॅरलमधे दहा मिनिटं थांबवून ठेवा, मग पहिल्याच शॉटचा गेटजवळचा भाग ब्लेडने खरवडा. सगळ्यात कमी ज्या डोसला पापुद्रा उचलला जात नाही तो तुमचा डोस.