ओवी, ओवणे आणि बिचारं ‘ओतप्रोत’

प्रश्न असा आहे: जात्यावरची एक जुनी ओवी ऐकली, बोली धड कळली नाही, तरी गळा दाटून आला. तिला ‘मायेने ओतप्रोत भरलेली’ म्हणावं का? आणि ‘ओवी’ हा शब्द आला कुठून?

म्हणू नये. ‘ओतप्रोत’चा ओतण्याशी काडीचा संबंध नाही. पण प्रत्येक सूत्रसंचालक हा शब्द काठोकाठ भरलेल्या कळशीसारखा वापरतो, आणि आता कोशकारही त्याला मान डोलावतात. भरून आलेलंच म्हणायचं असेल तर ‘ओथंबलेली’ म्हणा, तो शब्द अजून जिवंत आहे.

‘ओत’ म्हणजे उभा धागा, ‘प्रोत’ म्हणजे आडवा. दोन्ही ‘वे’ म्हणजे विणणे या धातूचे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्य ऋषीला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? (बाई थांबेचना, तेव्हा याज्ञवल्क्याने डोकं गळून पडेल अशी तंबी दिली. उत्तर संपलं की विद्वान असंच करतात.) सुईदोऱ्याचं आपलं ‘ओवणे’ त्याच विणीतलं, आणि ओवलेली ती ओवी. म्हणजे ओवी मुळातच ओतप्रोत आहे, फक्त ‘भरलेली’ नाही!

ओवीचं मूळ अनुष्टुभात, म्हणजे चार चरणांच्या संस्कृत छंदात, शोधणारे पंडित आहेत. त्यांना चार चरण दिसले की पुरे. पण ते चार चरण ग्रंथातल्या ओवीचे. घरोघरच्या बायकांची ‘ववी’ बहुतेक दोन ओळींची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या प्रकल्पाने अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात अनुष्टुभ शोधून दाखवा.

आणि ‘जात्यावरची’ हे विशेषण तरी मूळचं कुठे? ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी, 1129च्या सुमारास, चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त म्हटलंय की महाराष्ट्रात बायका ओवी गातात ती ‘कण्डने’, म्हणजे कांडताना. दळताना नव्हे! उखळाशी दोघी समोरासमोर, एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. माझं तर मत आहे की ओवीच्या दोन ओळी या दोन मुसळांच्या. एकीने म्हणावं, दुसरीने पुरं करावं. पुढे ओवी जात्यावर आली तेव्हाही खुंट्याला दोन हात लागायचेच. पुरावा मागू नका. एकदा सणाचे पोहे कांडून बघा.

गळा का दाटला ते राहिलंच. माझी आजी एकटीच दळायची. पहिली ओळ म्हणायची, मग मूठभर दाणे घालायची आणि जरा थांबायची. तिची जाऊ वारली होती, त्यानंतरची ही सवय.