मयताला येतो तो आमदार चांगला का?

प्रश्न : काका, मी विट्याला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरी आमदाराचा हिशेब एकाच गोष्टीवर होतो. लग्नाला आला का, मयताला आला का? आजोबा मात्र अजून आर. आर. आबा पाटलांचं नाव काढतात आणि तसा माणूस पुन्हा व्हायचा नाही म्हणतात. मला ते गृहमंत्री होते एवढंच माहीत आहे. त्यांनी नेमकं काय केलं? आणि आम्ही आमदाराला जोखायचं कशावरून?
– एक वाचक, विटा

उत्तर : पोरी, घरच्यांचं अगदीच चुकत नाही. दुःखात दारात येऊन घटकाभर बसलेल्या माणसाला आपल्याकडं कोणी विसरत नाही. पण तेवढ्यावरच हिशेब मिटवला की आमदाराचं मुख्य काम नजरेआड होतं.

मी तासगाव तालुक्यात ग्रामसेवक होतो. आबांचं काम मला हातात खोरं घेतल्यावर कळलं.

आबांचा जन्म १९५७ चा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचा. ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून शिकले, वकिलीची पदवी घेतली. १९७९ मध्ये सावळज गटातून जिल्हा परिषदेवर गेले आणि १९९० ला आमदार होईपर्यंत तिथंच राहिले. पुढं सलग सहा वेळा विधानसभेवर निवडून आले. लोक आमदारकी मोजतात, मला ती जिल्हा परिषदेची अकरा वर्षं मोठी वाटतात. ग्रामपंचायतीत पैसा कुठं अडतो, माणूस कुठं अडतो, हे तिथं कळतं.

१९९९ ला ते ग्रामविकासमंत्री झाले आणि वर्षभरात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. आधी निधी आणि मग काम, ही आमची सवय. इथं उलटं होतं. गावानं आधी राबायचं, मग तपासणी, त्यात नंबर आला तर बक्षीस. खरं सांगतो, परिपत्रक वाचून मी कपाळाला हात लावला होता.

आमच्या गावात वेशीलाच एका आजीचा उकिरडा होता. सासऱ्याच्या काळापासूनचा. ग्रामपंचायतीच्या दोन नोटिसा तिला गेल्या होत्या, दोन्ही माझ्याच हस्ताक्षरातल्या, आणि दोन्ही तिनं चुलीत घातल्या. अभियानात पहाटे सहाला देवळाची घंटा व्हायची. तालमीतली पोरं, भजनी मंडळ, बचत गटाच्या बायका खराटे घेऊन वेशीपासून सुरुवात करायच्या. उकिरड्याला कोणी हात लावायचा नाही, भोवतीनं झाडून पुढं जायचं. चौथ्या दिवशी आजी डोक्याला पदर गुंडाळून, पाटी घेऊन आली. “माझी घाण दुसऱ्यानं काढायची, हे बरं दिसतंय व्हय?” म्हणाली. दुपारपर्यंत खताच्या दोन बैलगाड्या भरल्या. त्या आम्ही तिच्याच रानात ओतून दिल्या. तिथून पुढं सांडपाणी जिरवायचे शोषखड्डे झाले, पाणंदीला बसणं कमी झालं, संडासासाठी लोक स्वतःहून जागा दाखवू लागले. नोटिसा लिहून जे मला साधलं नव्हतं, ते चार पहाटांत झालं.

तंटामुक्त गाव मोहीम २००७ ची. धाटणी तीच. बांधाचं, भाऊबंदकीचं भांडण कोर्टात कुजवण्यापेक्षा गावच्या समितीसमोर बसून मिटवायचं. काही समित्यांत राजकारण शिरलं, हेही मी पाहिलंय. तरी बांधावरून बोलणं तुटलेले दोघं भाऊ पुन्हा एका पंगतीत बसलेले पाहिलेत, ते विसरता येत नाही.

गृहमंत्री म्हणून २००५ मध्ये त्यांनी डान्स बार बंदीचा कायदा आणला. तो कोर्टात टिकला नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर ‘मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतच असतात’ अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि राजीनामा द्यावा लागला. ते वाक्य चुकीचंच होतं, मी त्याची बाजू घेणार नाही. पण पुढं पुन्हा मंत्री झाल्यावर त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं. ज्या जिल्ह्याकडं कोणी फिरकायला तयार नसायचं, तो जिल्हा. १६ फेब्रुवारी २०१५ ला तोंडाच्या कर्करोगानं ते गेले, वय अवघं ५७. त्या दिवसापासून मी पानपट्टीची पायरी चढलेलो नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. आमदार निधीतून झालेल्या कामाची पाटी दिसते, म्हणून लोक पाट्या मोजतात. त्या निधीत आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून होते. आमदार कायदे करायला निवडून दिलेला असतो. २८८ जणांच्या त्या सभागृहात त्यानं तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, किती लावले, तातडीच्या विषयाकडं लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना कशावर मांडली, टेंभू सिंचन योजनेच्या पाण्यावर, द्राक्षाच्या नुकसानीवर तो उभा राहिला का, मंत्र्याचं उत्तर गोलमाल असेल तर उपप्रश्न विचारून त्याला धरलं का, हे बघ. कामकाजाचे अहवाल विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असतात. आणि ग्रामसभेला जा. तिथं न जाता आमदाराला नावं ठेवणं मला पटत नाही.

हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. तेवढे दिवस तुमच्या आमदारानं काय काय विचारलं ते एका वहीत उतरवून काढ, आजोबांना वाचून दाखव, आणि ते काय म्हणतात ते मला याच पत्त्यावर कळव.