सोर्ड आर्ट ऑनलाइन या जपानी अ‍ॅनिमे सिरीजच्या 'ऑर्डिनल स्केल' पिक्चरमध्ये दाखवलंय तसं एआर गेमिंग (म्हणजे खऱ्या जगावरच गेमची चित्रं दिसणं) खरंच होऊ शकतं का? आणि आधीची सिरीज बघावीच लागते का?

दोन प्रश्न विचारलेत, त्यातला दुसरा आधी उरकते. हो, सिरीज बघावी लागते. तशी मारामारी झकास आहे, युकी काजिउराचं म्युझिक आहे, त्यामुळे नुसतं बघायला बसलात तरी कंटाळा येणार नाही, पण अर्ध्या तासाने वाटायला लागेल की ही पोरं एवढ्या तेवढ्यावरून इतकी हळवी का होतायत. गोष्ट दुसऱ्या सीझनच्या (2014) नंतरची आणि अ‍ॅलिसायझेशन या तिसऱ्या सीझनच्या (2018) आधीची आहे. अगदीच घाई असेल तर पहिल्या सीझनचे पहिले 14 एपिसोड आणि दुसऱ्याचे शेवटचे 7 एवढे तरी बघाच, नाहीतर क्लायमॅक्सला हिरोईन असुनाच्या पाठीशी क्षणभर कोण येऊन उभं राहतं तेच कळणार नाही, आणि मी तर तिथेच रडले होते.

आता एआर. इथून पुढे स्पॉयलर आहेत, पिक्चर बघायचा असेल तर आधी बघून या.

पिक्चर फेब्रुवारी 2017 मध्ये जपानला लागला, दिग्दर्शक तोमोहिको इतो, गोष्ट मूळ लेखक रेकी कावाहारानेच पिक्चरसाठी नवीन लिहिलेली, काळ 2026 चा आणि गाव टोकियो. ऑग्मा नावाचं एक यंत्र आलेलं असतं, ते कानाला अडकवायचं की जागेपणीच डोळ्यासमोर गेम दिसतो, ऐकू येतो, अंगाला जाणवतोसुद्धा. सिरीजमधल्या नर्व्हगिअर या हेल्मेटमध्ये माणूस पलंगावर आडवा, मेंदूतून शरीराकडे निघालेले सिग्नल मधेच अडवून ते गेममधल्या शरीराला दिले जायचे. इथे तसं नाही, इथे तुम्ही स्वतःच्या पायावर उभे, हातात एक कांडी जी गेममध्ये तलवार किंवा बंदूक दिसते, आणि रात्री अकिहाबाराच्या यूडीएक्स बिल्डिंगपाशी सगळे जमलेत तेवढ्यात आजूबाजूच्या इमारतींची कातडी बदलते, पडका किल्ला होतो आणि मधे राक्षस उभा. प्रत्येक खेळाडूला रँक, आणि जेवढी रँक वर तेवढी ताकद जास्त.

आणि इथे पिक्चर खरंच हुशार आहे. किरितो, म्हणजे ज्याने सिरीजमधला, 10 हजार लोक अडकलेला (आणि त्यातले 4 हजारच्या आसपास मेलेला) गेम संपवला तो आपला हिरो, पहिल्याच मारामारीत धडपडतो. साहजिक आहे, त्याची सगळी मर्दुमकी पडल्या पडल्याची. खरं पळायचं म्हटल्यावर धाप लागते, उडी मारली की जमीन लगेच येते. उलट एजी म्हणून जो दोन नंबरच्या रँकचा पोरगा आहे तो जुन्या गेममध्ये घाबरून जागच्या जागी थिजायचा, यंत्राशी त्याच्या मेंदूचं जमायचंच नाही, आणि त्यामुळे एका मुलीला तो वाचवू शकला नाही. आता एआरमध्ये तो राजा (अर्थात अंगात ताकद वाढवणारा सूट घालून, म्हणजे चीटिंगच). मला तर गंमत ह्याची वाटते की या अख्ख्या गँगमध्ये खरोखर हातात तलवार घेऊन घाम गाळणारी एकटी सुगुहा, किरितोची बहीण, आणि ती नेमकी केंदोच्या (जपानी तलवारबाजीच्या) कॅम्पला गेलेली असते! लेखकाने मुद्दाम बाजूला ठेवली असणार, नाहीतर तिनेच सगळ्यांना धुतलं असतं.

आता असं होऊ शकतं का म्हणाल तर लोकांची जी वागणूक दाखवलीय ती तर होऊनही गेली. जुलै 2016 मध्ये पोकेमॉन गो हा मोबाइलवरचा एआर गेम आला, हा पिक्चर त्यानंतर सात महिन्यांनी, आणि असा पिक्चर सात महिन्यांत बनत नाही म्हणजे कॉपी वगैरे काही नाही, दोन्ही गोष्टी एकाच हवेतल्या. मोबाइल सांगतोय म्हणून रात्री शेकडो अनोळखी माणसं एका चौकात धावत येणं तुम्हाला सिनेमॅटिक वाटेल, पण ऑगस्ट 2016 मध्ये तैपेईच्या बेइतोउ भागात स्नॉरलॅक्स नावाच्या एका पोकेमॉनसाठी रस्ता भरून लोक पळाले होते, व्हिडिओ शोधा, सापडेल. आपल्याकडे गेम अधिकृतपणे डिसेंबरमध्ये जिओबरोबर आला, पण तोपर्यंत बाहेरून एपीके फाइल टाकून खेळणारे काय कमी होते का! पिक्चरमध्ये असुना आणि मैत्रिणी गेमचे पॉइंट वापरून खायला मिळवतात तो सीनही तसलाच. पोकेमॉन गो जपानमध्ये आला तेव्हा मॅकडोनाल्ड्सची जवळपास 2,900 दुकानं गेममधले स्टॉप आणि जिम (खेळाडूंनी प्रत्यक्ष जायच्या जागा) होती, आणि भारतात जिओ आणि रिलायन्सची दुकानं. गेम फुकट असतो कारण तुमचे पाय कुणाच्यातरी दुकानाकडे वळवायचे असतात, हे पिक्चरवाल्यांनी दोन मिनिटांत दाखवलंय आणि त्यावर भाषण दिलेलं नाही, ते मला आवडलं.

पण ऑग्मा? ते सोडा. नीट बघितलं तर ऑग्माला काच नाहीच्चे. डोळ्यासमोर काही नाही, सगळं थेट मेंदूत. एआर बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी सगळी त्या काचेत आहे. पारदर्शक काचेवर तुम्ही उजेड टाकू शकता, अंधार टाकू शकत नाही, म्हणजे काळा राक्षस दिसणारच नाही, भुतासारखा आरपार दिसेल. त्यात चित्र दिसतं ते डोळ्यासमोरच्या छोट्या खिडकीपुरतं, मायक्रोसॉफ्टचा 2016 चा होलोलेन्स हा एआर चष्मा 3,000 डॉलरचा आणि तरी मान जरा वळवली की अर्धा राक्षस कापला जायचा. मग खांबामागे गेलेला राक्षस खांबामागेच दिसला पाहिजे, शंभर जणांना तो एकाच जागी दिसला पाहिजे, आणि उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएस कित्येक मीटर इकडे तिकडे होतं. तलवारीच्या मारामारीत कित्येक मीटर म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

त्यातल्या त्यात जवळचं काही बघायचं असेल तर जपानचाच हाडो हा खेळ बघा. डोक्याला मोबाइल बसवलेला हेडसेट, हाताला सेन्सर, तीन विरुद्ध तीन, 80 सेकंदांचा सामना, हात झटकला की ऊर्जेचा गोळा सुटतो. खेळायला धमाल आहे म्हणतात, पण तो आखलेल्या कोर्टात होतो, रस्त्यावर नाही. आणि ते बरंच आहे, कारण रात्री पन्नास माणसं ट्रॅफिकच्या कडेला डोळ्यावर पडदा घेऊन काठ्या फिरवतायत हे चित्र मला तरी नको.

काच नाही म्हणून मी मघाशी कुरकुरले, पण त्याचं कारण गोष्टीतच आहे. ऑग्मा म्हणजे हातपाय बांधून ठेवलेलं नर्व्हगिअरच. बनवणारे प्रोफेसर शिगेमुरा, तो जुना गेम बनवणाऱ्या कायाबाचे गुरू, त्यांची मुलगी त्या जुन्या गेममध्ये मेलेली. वाचलेल्या खेळाडूंच्या आठवणी गोळा करून त्यांना ती परत घडवायचीय, त्यासाठीच जुन्या गेममधले बॉस (मोठे राक्षस) परत आणलेत, म्हणजे भीती वाटली की आठवण वर येते आणि वर आली की काढून घ्यायची. सगळ्या पिक्चरमध्ये मला खरी भीती तलवारींची नाही वाटली, असुनाला किरितोबरोबरचे ते दोन वर्षांचे दिवस आठवेनासे होतात तेव्हा वाटली. ती हसून वेळ मारून नेते आणि किरितोला काय बोलावं कळत नाही. आणि शिगेमुराचा राग येत नाही धड, बाप आहे शेवटी. त्या मुलीच्या चेहऱ्याची एआर गायिका युना, तिला आवाज सायाका कांदाचा (फ्रोझनच्या जपानी डबमधली आना तीच), ती डिसेंबर 2021 मध्ये गेली, त्यानंतर गाण्यांचे सीन बघायला जरा जड जातं.

माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. नॅशनल स्टेडियममध्ये हजारो लोक कॉन्सर्टला बसलेत (पिक्चर आला तेव्हा खरं नवीन स्टेडियम अजून बांधून व्हायचं होतं), वरून ड्रोन ऑग्माची ताकद वाढवतायत, सगळ्यांचे मेंदू जळायची वेळ आलीय, आणि उपाय काय तर सगळे खुर्चीत डोळे मिटून जुन्या पद्धतीने फुल डाइव्ह करतात (शरीर सोडून पूर्ण गेममध्ये शिरतात) आणि आइनक्रॅड या जुन्या गेममधल्या किल्ल्याच्या शंभराव्या मजल्यावरच्या बॉसशी लढतात. दिसायला हा सगळ्यात भारी भाग आहे, फॅन म्हणून मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण तासभर तुम्ही मला सांगितलंत की इथे शरीर लागतं, किरितोला धावायला शिकवलंत, आणि ऐन वेळी परत आडवं केलंत? तिथून परत आल्यावर तो एक नंबर रँकने स्टेडियममधला राक्षस एका फटक्यात संपवतो म्हणा, पण ती ताकद व्हीआरमधून (त्या फुल डाइव्हच्या आभासी जगातून) उसनी आणलेली. पिक्चरचा स्वतःच्या एआरवर विश्वास कमी पडला असं माझं मत, फॅन लोक कमेंटमध्ये भांडू शकतात.

तुम्हाला खास एआरसाठीच बघायचं असेल तर ह्याच्याआधी 'देन्नो कॉइल' बघा, मित्सुओ इसोची 2007 ची सिरीज, 26 एपिसोड. योगायोगाने तीही 2026 मध्येच घडते, त्यात शाळकरी पोरं साधे चष्मे लावून गल्लीबोळातून आभासी कुत्र्यामागे पळतात, आणि शेवटपर्यंत चष्म्याची गोष्ट चष्म्याचीच राहते.