मिनिमम ड्यू भरून कार्डाचं कर्ज का फिटत नाही, आणि मग काय करायचं

तुम्ही लिहिलंय की तीन क्रेडिट कार्डांवर मिळून २ लाख थकलेत, पगार ४२ हजार, मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरावीच लागणारी किमान रक्कम, दर महिन्याला न चुकता भरताय तरी बाकी जिथल्या तिथं, आणि मित्र म्हणतोय सेटलमेंट करून, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रकमेत खातं मिटवून, मोकळा हो. सेटलमेंटचं आधी डोक्यातून काढा. पगार चालू आहे, महिन्याला दहाएक हजार तुम्ही आत्ताही भरताय, म्हणजे हे कर्ज फिटण्यासारखं आहे, फक्त ते चुकीच्या दराने फेडताय.

मी पतसंस्थेत कर्ज विभागात आहे, आणि माझ्या मामेभावाचं प्रकरण जवळजवळ असंच होतं, तेव्हा त्याचं स्टेटमेंट घेऊन बसलो होतो आम्ही. त्यावर बारीक अक्षरात महिना ३.५ टक्के लिहिलेलं असतं, वाचताना काहीच वाटत नाही, पण ते वर्षाला ४२ टक्के होतात आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी वेगळा. आता तुमचे २ लाख याच दराने धरा. महिन्याचं व्याज ७,०००, त्यावर जीएसटी १,२६०, झाले ८,२६०. मिनिमम ड्यू ५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे १० हजार. म्हणजे तुमच्या दहा हजारातले मुद्दलात गेले फक्त १,७४० रुपये! आणि त्याच महिन्यात कार्डावर दोन हजाराचं पेट्रोल टाकलं की तेही गेले.

आणि ही गोष्ट खूप जणांना माहीतच नसते, मागचं बिल पूर्ण भरलेलं नसेल तर नव्या खरेदीला ती ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदत मिळत नाही, ज्या दिवशी घासलं त्या दिवसापासून व्याज चालू. एटीएममधून कार्डावर कॅश काढली तर पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी पण. म्हणून पहिलं काम म्हणजे कार्ड वापरणं पूर्ण बंद, आजपासून. सगळ्या शॉपिंग आणि जेवणाच्या ॲपमधून सेव्ह केलेली कार्डं काढा, ओटीटी, मोबाईल बिल वगैरेचे ऑटोपे बचत खात्यावर घ्या. एका कार्डावरून रेंट पेमेंट दाखवून दुसऱ्याचं बिल भरणं म्हणजे याची टोपी त्याला, त्यात फी जाते ती वेगळीच.

दुसरं काम दर खाली आणणं. पगार ज्या बँकेत जमा होतो तिथं पर्सनल लोन विचारा. समजा १५ टक्क्यांनी २ लाख २४ महिन्यांसाठी मिळाले, तर हप्ता साधारण ९,७०० बसतो. म्हणजे आत्ता मिनिममला जेवढे जातात त्याहून थोडे कमीच, आणि दोन वर्षात विषय संपतो. लोन नाही मिळालं तर कार्डवाल्या बँकेलाच फोन करून थकबाकी ईएमआयमध्ये बदलून मागा, दर लोनपेक्षा थोडा जास्त लागेल, प्रोसेसिंग फी लागेल, पण ४२ टक्क्यांपुढे ते काहीच नाही. घरात सोनं असेल तर बँकेचं सोनेतारण बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त पडतं. आमच्याकडे मामीने स्वतःहून पाटल्या काढून दिल्या, आणि मला वाटतं तोच खरा उपयोग आहे सोन्याचा, कपाटात पडून राहण्यापेक्षा. भिशी लागणार असेल तर त्या पैशात सगळ्यात छोटं कार्ड एका दमात संपवा, जास्त व्याजाचं आधी फेडणं हिशोबाने बरोबर आहे हे मान्य, पण एक कार्ड पूर्ण बंद झालं की माणसाला जोर येतो हे मी बघितलंय. आणि झटपट लोनवाल्या ॲपकडे चुकूनही जाऊ नका.

सेटलमेंट कधी, तर नोकरीच गेली, घरात मोठं आजारपण आलं आणि खरंच भरणं शक्य नाही तेव्हा. सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदी असलेल्या रिपोर्टमध्ये, ते खातं 'सेटल्ड' म्हणून दिसतं आणि पुढं होमलोनला प्रत्येक बँक त्याबद्दल विचारते. करावंच लागलं तर आधी बँकेचं लेखी पत्र, मग पैसे, फोनवरच्या शब्दावर एक रुपया देऊ नका. वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्रास दिला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा, ३० दिवसात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, फी लागत नाही.

फिटल्यावर तीनातली दोन कार्डं बंद करा, जुनं एक ठेवा, त्याची लिमिट अर्ध्या पगाराएवढी करून घ्या आणि ऑटो डेबिट लावताना 'टोटल अमाउंट ड्यू' निवडा, मिनिमम नाही. जो हप्ता जात होता त्यातले चार-पाच हजार आरडीत टाका, कारण कार्डं परत भरतात ती बहुतेक दवाखाना आणि गाडी दुरुस्तीमुळेच. बाकी शून्य असताना बंद करायची विनंती केली तर बँकेला ७ कामकाजाच्या दिवसात कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात, म्हणून विनंती ईमेलनेच करा. मग दोनेक महिन्यांनी सिबिलचा रिपोर्ट काढून खातं 'क्लोज्ड' दिसतंय का बघा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो.