एनएचएसचं (नॅशनल ऑनर सोसायटीचं) पत्र आलंय, मेंबरशिप घ्यायची का?

ताई, आधी लेकीचं अभिनंदन! आमच्या थोरल्याला अकरावीत आलं तेव्हा आम्हीपण असेच हरखून दिसेल त्याला विचारत सुटलो होतो, म्हणून सांगते. घ्या, पण त्याच्या जोरावर कॉलेज मिळेल हे डोक्यातून काढा. नॅशनल ऑनर सोसायटी म्हणजे हायस्कूलच्या हुशार मुलांचा मान करणारी संस्था, 1921 पासूनची, इथे अमेरिकेत हजारो शाळांत तिचे चॅप्टर (शाखा) आहेत, अ‍ॅडमिशनवाल्यांना त्याचं काय अप्रूप! कॉमन अ‍ॅपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जात) ऑनर्सच्या 5 जागा असतात, त्यातली एक भरते, बस.

सध्या एवढंच बघा:

- पत्र शाळेच्या चॅप्टरचंच आहे ना? घरी पोस्टाने येणारी 'पैसे भरा, मेंबर व्हा' छाप चकचकीत पत्रं सरळ रद्दीत.
- जीपीए, म्हणजे ग्रेड्सची सरासरी (4 पैकी किमान 3.0, बऱ्याच शाळांत जास्त), म्हणजे नुसता उंबरठा. पुढे सर्व्हिस (समाजसेवा), लीडरशिप, कॅरेक्टर बघून 5 शिक्षकांची कमिटी ठरवते. आमच्या थोरल्या साहेबांनी सर्व्हिसचे तास लिहूनच ठेवले नव्हते, मग फॉर्मच्या आदल्या रात्री 11 वाजता फूड बँकेतल्या बाईंना ईमेल, आणि मी शेजारी बसून डोकं धरलेलं! तुम्ही आजपासून वहीत तारीख, तास, सही.
- आत गेल्यावरही तास भरावे लागतात, नाहीतर काढूही शकतात.

मराठी शाळेत छोट्यांना शिकवते म्हणालात ना, ते तास चालतील का हे चॅप्टरच्या अ‍ॅडव्हायजरना आधीच विचारून घ्या, उगाच आवडत नसलेलं काहीतरी तिच्या गळ्यात मारू नका. स्कॉलरशिपचं बारावीत बघू. निबंध मागितला तर पाठवा, वाचते.