समुद्राने नारळ परत का दिला?

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, नारळी पौर्णिमेला आम्ही मांडवीच्या किनाऱ्यावर समुद्राला नारळ वाहिला आणि थोड्या वेळाने तो परत पायाशी आला. समुद्राला आवडला नाही का? आणि मुळात नारळ वाहायचा कशाला?" प्रश्न इतके छान होते की घाईघाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आज सुट्टी आहे, इथे ओमानमध्ये, सलालात, बाहेर धुकं आणि बुरबुर पाऊस आहे, म्हणून निवांत लिहायला बसलोय.

आधी नारळाचं सांगतो. खोल समुद्रात लाट पुढे जाते, पाणी पुढे जात नाही. भाताच्या शेतावरून वारा गेला की एक लहर या बांधापासून त्या बांधापर्यंत पळते, रोपं मात्र जागच्या जागीच असतात ना? तसंच हे. लाट खालून जाताना पाणी गोल फिरतं आणि जवळजवळ होतं तिथेच येतं. तिथे नारळ टाकला तर तो नुसता डुलत राहील.

किनाऱ्याजवळ मात्र तळ वर येत जातो. लाटेचा खालचा भाग तळाला अडतो, तिचा वेग कमी होतो, मागच्या लाटा जवळ येतात आणि उंची वाढते. दोन मीटर उंचीची लाट साधारण अडीच मीटर पाण्यात आली की फुटते, आणि फुटल्यावर पाणी खरोखरच किनाऱ्याकडे फेकलं जातं. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात, म्हणजे लाटा फुटतात त्याच्याही अलीकडे. शिवाय पौर्णिमेला आपल्याकडे भरती दुपारच्या सुमारास असते आणि संध्याकाळी ओहोटी संपून पाणी पुन्हा चढायला लागतं. तुम्ही नेमके त्याच वेळी गेलात. मग नारळ परत येईल नाहीतर काय! होडीतून लांब जाऊन वाहिलेले नारळ असे लगेच पायाशी येत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी नकाशा काढ. सलाला आणि आपली रत्नागिरी दोन्ही साधारण 17 अंश उत्तर अक्षांशावर सापडतील. मध्ये सुमारे 2000 किलोमीटर नुसतं पाणी, एकच अरबी समुद्र. लाट मोठी व्हायला तीन गोष्टी लागतात: जोराचा वारा, तो बराच वेळ वाहणं, आणि त्याच्यापुढे लांबच लांब मोकळं पाणी. आषाढात या समुद्राला तिन्ही एकदम मिळतात. नैऋत्येचा वारा आठवडेच्या आठवडे थांबत नाही. त्या वाऱ्याने इथे मुग्सैलच्या किनाऱ्यावर काय होतं ते मी पाहिलंय. तिथल्या खडकाला आरपार भोकं आहेत, वर लोखंडी जाळ्या बसवल्यात. खाली लाट घुसली की आधी भोकातून हवेचा फुत्कार येतो, मग पाण्याचा खांब माणसाच्या कितीतरी वर उडतो आणि सगळे भिजतात.

खुल्या समुद्रात एका लाटेमागून दुसरी दहा सेकंदांनी येत असेल, तर अशा लाटांचा ताफा ताशी साधारण 28 किलोमीटरने सरकतो. 2000 किलोमीटर कापायला त्याला तीन दिवस लागतील. म्हणजे रत्नागिरीत वारा पडलेला असतानाही लाटा का उसळतात, ते कळलं? त्या लांबच्या वाऱ्याने उठवलेल्या असतात.

अशा समुद्रात होडी घालायची नाही, हे आजोबांना पुस्तक न वाचता ठाऊक होतं. ते तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळी विणायची, आणि श्रावणी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचं. आता कायद्यानेही 1 जूनपासून मासेमारी बंद असते, कारण हे माशांच्या विणीचेही दिवस. नारळ म्हणजे दर्याला दिलेला मान: इतके दिवस तुझं वारं होतं, आम्ही थांबलो, आता आम्हाला येऊ दे. याला कोणी भाबडेपणा म्हणालं तर मला ते पटत नाही. ज्याच्यावर घर चालतं त्याच्यापुढे हात जोडायचे आणि त्याच्या वेळेनुसार वागायचं, यात मला शहाणपणच दिसतं. आणि पौर्णिमा झाली म्हणून आजोबा लगेच निघत नसत. आधी मिरकरवाड्याच्या बंदरावर उभं राहून पाणी बघत, पटलं नाही तर आणखी थांबत.

आपल्या गावाचा आकारही याच लाटांनी घडवलाय. काळा समुद्र आणि पांढरा समुद्र यांच्या मधे रत्नदुर्गाचा डोंगर पाण्यात घुसलाय, तो पाहा. लाट तिरकी आली तरी उथळ पाण्यात मंदावते आणि वळते. वळून ती टोकाच्या खडकांवर चहूबाजूंनी चाल करते, म्हणून तिथे कडे आणि कपारी. दोन्ही बाजूंच्या वळणात तिचा जोर पसरून कमी होतो, म्हणून तिथे वाळू साठते. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून पाण्याखाली नेऊन ठेवतात, आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणतात. मिऱ्याच्या बाजूला मात्र गेलेलं सगळं परत येत नाही, म्हणून तिथे दगडांचे बंधारे घालावे लागले. ते बघून मला वाईट वाटतं.

एक काम करशील? मांडवीला एक मोठा, न हलणारा खडक निवड. दर पौर्णिमेला संध्याकाळी, ओहोटीच्या वेळी, तो वाळूवर किती वीत दिसतो ते मोजून वहीत लिही. दिवाळीनंतरही चालू ठेव. एकटी जाऊ नकोस, आजोबांना घेऊनच जा, आणि पाण्याकडे पाठ करून उभी राहू नकोस. वहीचे फोटो मला पाठव.

आजी-आजोबांना नमस्कार.

तुझा,
बाबा